झाडं काढणारे डॉक्टर

“मामाला विचारून या, मग गोळी देतो.”

हे वाक्य दाराआडून आलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर, मांडीवर फाईल धरून बसले होते. नोकरीसाठी आले होते. सकाळपासून कुणाशी बोलावं लागलं नव्हतं, त्यामुळे मला बरं वाटत होतं.

“मामा वारला की वो डाक्टर. लय वर्षं झाली.”

“मामी आहेत?”

“मामी हाय. घोटीला.”

“मग मामींना विचारा. मामांना कोणती गोळी चालायची, कोणती सोसायची नाही, कोणत्या गोळीनं गरगरायचं. पेशंट विसरतो, पेशंटची बायको विसरत नाही.”

दार उघडून एक टोपीवाले गृहस्थ बाहेर आले. “शुगर मला झाली, अन् हे मामाची चौकशी करून ऱ्हायले,” ते अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले. बाकावरचे जुने पेशंट हसले. एक बाई म्हणाल्या, “मामावरच भागलं तुमचं? मला तर चुलत आजीचं बाळंतपण विचारलं होतं. मूल किती वजनाचं झालं होतं म्हणे.”

मग माझा नंबर आला. आतले डॉक्टर म्हणजेच आमचे सर. सरांनी फाईल उघडली नाही. समोर एक जुन्या कॅलेंडरचं पान उलटं टाकलं, पेन्सिल दिली आणि म्हणाले, “गोल काढता येतो?”

मी एक गोल काढला. अजून काढा, म्हणाले. मी दहा-बारा काढले. सगळे सारखे आले. सरांनी स्वतःच्या वहीतलं एक पान माझ्यापुढे धरलं. त्यावरचे गोल बटाट्यांसारखे होते.

“बायका म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. ज्याला मधुमेह आहे तो पेन्सिलनं भरून काळा करायचा. नसेल तो पांढरा ठेवायचा. माझ्या हातून सगळ्या बायका बटाटे होतात. उद्यापासून या.”

अशी माझी नोकरी लागली. नाशिकला अशोक स्तंभाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर सरांचा दवाखाना होता. सर सत्तरीकडे झुकलेले, उंच, एका खांद्यानं किंचित खाली. शर्टाच्या खिशात पेन्सिलीशेजारी कायम खोडरबर. मी केस पेपर लिहायचे, आणि प्रत्येक पेशंटच्या घराण्याचं झाड काढायचे.

मी इंग्रजी शाळेत शिकले. त्याचा पहिला फटका तिसऱ्याच दिवशी बसला. पेशंटनं साखर एकशे एकोणऐंशी सांगितली आणि मी एकशे एकोणनव्वद लिहिली. दिवसभरात अशा चार चुका सापडल्या. सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते लहान मुलांचा अंकांचा तक्ता घेऊन, ज्यात एक ते शंभर आकडे आणि शेजारी पोपट, ससा, छत्री अशी चित्रं होती. तो त्यांनी माझ्या टेबलामागे स्वतः खिळा ठोकून लावला. पेशंट विचारायचे, इथं बालवाडी पण आहे का? सर म्हणायचे, “आहे. एकच विद्यार्थिनी आहे, हुशार आहे, फक्त बोलत नाही.” तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ‘इंग्लिश मीडियम’ झाले. “अहो इंग्लिश मीडियम, ह्या ताईंच्या माहेरचं झाड काढा.” माहेरचं असं त्यांना मुद्दाम सांगावं लागायचं. कारण घरात कुणाला साखर आहे असं विचारलं, की लग्न झालेल्या बायका सासू-सासऱ्यांची नावं सांगत. सर कपाळावर हात मारून घेत. “अहो, सासूबाईंकडून तुम्हाला पाटल्या आल्या असतील. रक्त आईकडून आलंय.”

त्यांच्या टेबलावर एक पाटी होती. पेशंटला वाटायचं ती त्याच्यासाठी असेल, पण तिचं तोंड सरांच्या खुर्चीकडे होतं. तिच्यावर सरांच्याच अक्षरात लिहिलं होतं: पेशंट खोटं बोलतो असं धरून चालू नये.

ही पाटी का, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. तरुणपणी ते प्रत्येक नवं औषध आधी स्वतः घेऊन बघत. साखरेसाठी सगळ्यांना देतात ती पांढरी मोठी गोळी त्यांनी पंधरा दिवस घेतली. काहीही झालं नाही. मग पोट बिघडतं म्हणून तक्रार करणाऱ्या पेशंटना ते नाटकी समजू लागले. “कित्येक वर्षं मी लोकांना माझ्या पोटानं मोजलं,” ते म्हणाले. “माझं पोट म्हणजे काय सरकारी माप आहे?”

औषध आणि माणूस यांचं गणित ते घर दाखवून समजावत. “औषधाला आत शिरायला दार लागतं आणि काम झाल्यावर बाहेर जायला मोरी. कुणाचं दार जन्मतःच अरुंद, कुणाची मोरी जन्मतः तुंबलेली. दार अरुंद असलं की गोळी उंबऱ्यावरच गोंधळ घालते. मोरी तुंबलेली असली की कालची गोळी आजही घरात. कंपनी गोळी एकाच मापाची पाठवते, घरं सगळी वेगळी. आणि घराचा नकाशा आईबापांकडून येतो.” एवढं सांगून ते नेहमी पुढे म्हणत, “पण सगळंच काही रक्तात नसतं. काही लोक खरोखरच गुलाबजाम खातात.”

सुरगाण्याच्या गाडीवरच्या कंडक्टरची गोष्ट त्या पांढऱ्या गोळीचीच. त्यांची साखर कुठल्याच डॉक्टरकडे खाली येत नव्हती, आणि प्रत्येक डॉक्टरनं कागदावर ‘गोळ्या नियमित घेत नाही’ असं लिहिलं होतं. सरांनी ते कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, “ड्युटी कोणत्या रूटला?” कंडक्टर माझ्याकडे बघत, लाजत म्हणाले, “साहेब, गोळी घेतली की दोन-तीनदा जावं लागतं. घाटात गाडी थांबवायची कशी? मी उतरून झाडीत गेलो की पन्नास माणसं खिडकीतून बघत्यात.” म्हणून ते सुट्टीच्या दिवशीच गोळी घेत.

कुणीही डॉक्टर एवढ्यावर गोळी बदलून मोकळा झाला असता. सरांनी मंगळवारी दवाखाना बंद ठेवला आणि सीबीएस स्टँडवरून सुरगाण्याच्या गाडीत बसले. कंडक्टरची आई गावी होती, तिला भेटायचं होतं. बुधवारी आले ते खुशीत. आईलाही तीच गोळी मिळाली होती, तिलाही तेच झालं होतं, आणि तिनं सगळी पाकिटं कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरून टाकली होती. “मला विचारते कशी, डाक्टर, कोंबड्यांना काय व्हनार नाय ना?” सर हे सांगताना डोळे पुसेपर्यंत हसले. मग त्यांनी कंडक्टरना वेगळं औषध दिलं. दोन महिन्यांनी ते आले तेव्हा सरांनी साखरेचा रिपोर्ट बघण्याआधी विचारलं, “गाडी थांबते का?” कंडक्टर म्हणाले, “फक्त स्टॉपवर.”

इथवर सगळं मजेचं आहे. आता मला माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल. ते मला जड जातं.

मला पंधराव्या वर्षी मधुमेह झाला. तेव्हापासून मी इन्सुलिनची इंजेक्शनं घेत होते, नोकरीला लागले तेव्हाही. घरी आई, बाबा, बाबांची आई आणि मी. आमच्याकडे त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. “ते घेतलंस का?” एवढंच. मुलीचं लग्न व्हायचंय, तेव्हा बाहेर बोलायचं नाही, असं ठरलं होतं. इंग्रजीत मला ते एका वाक्यात सांगता आलं असतं, फॉर्म भरताना भरतो तसं. मराठीत ते वाक्य मी कधी उच्चारलेलंच नव्हतं.

आणि मी नोकरीला लागले ती मधुमेहाच्या डॉक्टरकडे! मैत्रीण असती तर ती हसली असती. दुपारी जेवणाआधी मी हात धुवायला म्हणून गच्चीलगतच्या बाथरूममध्ये जायचे आणि इंजेक्शन घेऊन यायचे. द्राक्षांच्या हंगामात पेशंट सरांना पेट्या आणून देत. मधुमेहाच्या दवाखान्यात द्राक्षं खायची कुणी? “तुम्ही खा, इंग्लिश मीडियम. तुम्हाला काय धाड भरलीय?” असं म्हणून सर एक घोस माझ्या पुढ्यात ठेवायचे. मी चार मणी तोंडात टाकून बाकीचा डब्यात भरायचे. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी मला द्राक्षं दिली नाहीत. विसरले असतील, असं मी समजले.

याहून मोठी गोष्ट आईची होती. आईलाही मधुमेह होता, माझ्या जन्माच्या आधीपासून. लग्नात तो लपवलेला होता, आणि मग लपवलेलाच राहिला. आजीचं ठाम मत होतं की मला तो शाळेतल्या चॉकलेटांमुळे झाला. आई मान हलवायची. तिची गोळी स्वयंपाकघरातल्या एका डब्यात असायची. हे लिहायला आईनं परवानगी दिली आहे. डबा कशाचा ते लिहू नकोस, एवढं म्हणाली.

एकदा, मी सतरा वर्षांची असताना, आम्ही मामाकडे लग्नाला गेलो आणि माझं इन्सुलिन नाशिकच्या फ्रिजमध्येच राहिलं. गावात ते मिळेना. आईनं घाबरून मला स्वतःची अर्धी गोळी दिली. दोन तासांत मला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, समोरची माणसं दोन-दोन दिसू लागली. आईनं माझ्या तोंडात मुठीनं साखर कोंबली. त्या दिवशी तिनं माझ्याकडून शपथ घेतली. हे कुणाला सांगायचं नाही.

मी सांगितलं नाही. मग दवाखान्यात अंबडच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा आला.

तो बारीक होता. नऊ वर्षं इन्सुलिनवर. सरांनी त्याचं झाड काढायला सांगितलं. आई काळी, आजी काळी, मावशी काळी, सगळ्यांना तरुणपणीच झालेला, आणि सगळ्या काडीसारख्या. सर खोडरबर बोटांत फिरवत बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. मग त्यांनी त्याचं रक्त दूरच्या एका संशोधन संस्थेत पाठवलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं. त्याच्या एका जनुकात बदल होता आणि तोच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला होता. ह्या प्रकारात इन्सुलिनऐवजी एका जुन्या जातीची साधी गोळी चालते, तीही अगदी थोडी. सरांनी त्याला रोज बोलावून, दिवसातून चारदा साखर तपासून, हळूहळू इंजेक्शनं कमी केली. शेवटचं बंद झालं त्या दिवशी तो मुलगा खुर्चीवर नुसता बसून राहिला. त्याला जाववेना. म्हणाला, “सर, मी आता डबा खाण्याआधी काय करू?” सर म्हणाले, “हात धुवा आणि जेवा. लोक तेच करतात.”

त्याच्या फॅमिली डॉक्टरना पाठवायचं पत्र मी टाईप केलं. सर सांगत होते: ह्या घराण्यांना ही गोळी फार लवकर लागू पडते, नेहमीच्या मात्रेत दिल्यास साखर धोकादायक खाली जाते, सुरुवात पाव किंवा अर्ध्या गोळीनं करावी. माझी बोटं थांबली. “काय झालं? शब्द अडला?” सरांनी विचारलं. मी मान हलवली आणि टाईप करत राहिले.

घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं. मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “तुझं सांग त्यांना. जा, खरंच सांग. माझं नको.”

“आई, दोन्ही एकच आहे गं.”

“अठ्ठावीस वर्षं झाली,” ती म्हणाली. “आता ह्या वयात तुझ्या आजीसमोर मी चोर ठरू?”

मी मधला मार्ग काढला, जो भित्री माणसं काढतात. एका कोऱ्या केस पेपरवर मी आमचं झाड काढलं. नाव नाही. आईची आई काळी, मामा काळा, मी काळी. शेजारी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिलं: इन्सुलिन, पंधराव्या वर्षापासून; एकदा आईकडची अर्धी गोळी, साखर फार खाली. एवढं लिहिलं आणि मग घाबरून ‘आईकडची’ खोडून ‘कुणाचीतरी’ केलं. आईचा गोल मी पांढरा ठेवला. तो कागद मी सरांच्या पेपरांच्या गठ्ठ्यात सरकवून दिला. सर हुशार आहेत, नुसतं झाड बघून काय करायचं ते सांगतील, आणि मी ते गुपचूप ऐकेन, असं माझं गणित होतं.

सरांनी कागद बाहेर काढला, चष्मा वर केला, आणि हाका मारायला सुरुवात केली. “हे झाड कुणाचं? ह्या झाडाचा मालक कोण?” बाहेरचे पेशंट एकमेकांकडे बघू लागले. ती पहिल्या दिवशीची चुलत आजीवाली बाई म्हणाली, “डॉक्टर, कागद हरवला तर चौकीत द्या.” सरांनी तो आपल्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर चिकटवला. तीन आठवडे तो तिथे होता. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, फोन करून जुन्या पेशंटना विचारायचे. एकदा तर वैतागून एका औषध कंपनीच्या माणसालाच विचारलं, “तुमची आजी बारीक होती का हो?”

त्यांनी मला मात्र एकदाही विचारलं नाही. आज मला कळतं की दोन वर्षं रोज जे एकसारखे गोल त्यांच्या डोळ्यांखालून गेले, ते त्यांना ओळखू आले नसतील हे शक्यच नाही. सगळ्या दवाखान्याला हाका मारणारा तो माणूस खरं तर एकाच टेबलाशी बोलत होता, आणि त्या टेबलाकडे न बघण्याची काळजी घेत होता.

शेवटी एका दुपारी, पेशंट संपल्यावर, ते डबा उघडून बसले. बाजरीची भाकरी आणि ठेचा, हा त्यांचा नेमाचा डबा. मी कपाटात पेपर लावत होते.

“हे झाड खोटं बोलतंय, इंग्लिश मीडियम.”

का कोण जाणे, मी उत्तर दिलं. “तुमच्या पाटीवर तर लिहिलंय, तसं धरून चालू नये.”

“पाटी माणसांबद्दल आहे. झाडाबद्दल नाही.” त्यांनी भाकरीचा हात कडेला धरून दुसऱ्या हाताचं बोट कागदाकडे रोखलं. “आजी काळी, मामा काळा, नात काळी. आणि मधली ही आई पांढरी? पायरी वगळून जिना चढता येत नाही.”

मी कपाटात पुढचा पेपर लावला.

“ह्या मुलीची मला फार काळजी नाही,” सर हळू आवाजात म्हणाले. “ती इंजेक्शनवर आहे, सांभाळून आहे. हिशेबी पोरगी दिसते. तिच्या सवडीनं येईल. मला काळजी ह्या पांढऱ्या बाईची आहे. बाई लपवून गोळ्या घेत असणार. दुकानातून आणून, जुन्या चिठ्ठीवर, पूर्ण मापाच्या. असल्या घराण्याला ते माप जास्त होतं. त्यात आपल्या बायका. उपास आला की जेवण सोडतील, पण गोळी सोडणार नाहीत. एक दिवस ती गॅससमोर पडेल आणि घरातले म्हणतील, उपास झेपला नाही.”

माझ्या हातातला गठ्ठा मी खाली ठेवला.

त्याआधीच्या संकष्टीला मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई ओट्याखाली फरशीवर बसलेली होती. पाठ कपाटाला टेकलेली, ब्लाऊज घामानं चिकटलेला, शब्द जड. वर दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि नुसता वास येत होता. आजी बाहेरून म्हणाली, “हल्लीच्या बायकांना उपास झेपत नाही.” मी खिडकी उघडली, गॅस बंद केला, आईला साखरपाणी पाजलं. शुद्धीवर येत असतानाही तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि मान नकारार्थी हलवत होती. मी मान डोलावली होती. तिच्या अब्रूसाठी मी गप्प राहते आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सर परत जेवायला लागले होते. माझ्याकडे पाठ करून, सावकाश, जणू त्यांना कुठल्याच उत्तराची घाई नव्हती. खाली गल्लीत कुणी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. मी त्यांच्या टेबलाशी गेले. भिंतीवरचा कागद काढला, त्यांच्या खिशातली पेन्सिल मागून घेतली आणि तो पांढरा गोल भरायला लागले. पेन्सिल रेषेबाहेर गेली. सरांनी डबा बाजूला सारला.

“सर, ती पांढरी नाही,” मी म्हणाले. “ती माझी आई आहे. आणि ती पडते.”